क्रेटॉस, कियारा आणि त्रिरश्मीवरचा धम्मरखित

गेल्या महिन्यात सातपूरला एका घरी नामकरणाला गेलो होतो. बाप अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आमच्याबरोबर जयंतीच्या वर्गणीपासून ते मोर्चाच्या पत्रकांपर्यंत सगळीकडे असणारा पोरगा. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले, मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी बाळावर फुलं टाकली आणि विचारलं, "काय नाव ठेवताय?"

बाप म्हणाला, "क्रेटॉस."

बौद्धाचार्यांना वाटलं आपल्याच ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी परत विचारलं, त्याने परत सांगितलं. मागे बसलेल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "किरतोस म्हणे. कीर्ती असंल त्यात काहीतरी." लोक हसले, जेवणं झाली, पण रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालं ते चार दिवस चाललं. ज्येष्ठांचं म्हणणं: बाबासाहेबांनी धम्म दिला तो पोरांना राक्षसांची नावं ठेवायला दिला का? तरुणांचं म्हणणं: नाव ठेवायचं स्वातंत्र्य संविधानाने दिलंय, तुम्ही कोण विचारणारे? कुणीतरी शंभर बौद्ध नावांची पीडीएफ टाकली, तिच्यातली दहा-बारा नावं विष्णूची होती हा भाग वेगळा.

आम्ही त्या ग्रुपवर गप्प बसलो, कारण दोन्ही बाजू मुद्दा सोडून बोलत होत्या. इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रेटॉस हा 'गॉड ऑफ वॉर' नावाच्या व्हिडिओ गेमचा नायक. पहिला भाग २००५ साली आला. स्पार्टाचा हा सैनिक देवांची चाकरी करतो, देव त्याला फसवून त्याच्याच हातून त्याच्या बायकोचा आणि मुलीचा जीव घेववतात, आणि मग तो एकेक करत ग्रीक देवांना संपवतो. आमच्या मित्राचं समर्थन ऐका: "दादा, देवांचा गुलाम होता. त्यानं बंड केलं. मग तो आपला नाही तर कुणाचा?" ऐकून आम्हाला हसू आलं, पण उत्तर लगेच सुचलं नाही हे कबूल करतो.

आधी ज्येष्ठांकडे वळू. नाव ही आपल्या समाजात साधी गोष्ट कधीच नव्हती, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ज्या मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झालं, तिच्या दुसऱ्या अध्यायात कोणाचं नाव कसं असावं याचा नियमच आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू, उकिर्डा ही नावं घरोघरी होती. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं इतर जातींतही ठेवली जात, हे आम्हाला माहीत आहे. पण तिथे पत्रिकेत दुसरं, चांगलं नाव लिहिलेलं असे. आपल्याकडे कचरू हा शाळेच्या रजिस्टरवर कचरू, हजेरीपटावर कचरू आणि सरणावरही कचरूच. आणि एखाद्याने चांगलं नाव ठेवलंच तर गाव ते मोडून टाकी. रामाचा राम्या, गोविंदाचा गोंद्या. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचं दहा वर्षांचं पोर 'ए राम्या' म्हणून हाक मारी.

ते सगळं १४ ऑक्टोबर १९५६ नंतर एका पिढीत बदललं. बावीस प्रतिज्ञांमध्ये मुलांची नावं काय ठेवा याबद्दल एक शब्द नाही. लोकांनी ते आपणहून केलं. खरं तर सुरुवात दीक्षेच्या आधीच झाली होती. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजाला मिलिंद, आणि त्या परिसराला नागसेनवन. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही त्यांनी कॉलेजच्या पाटीवरचं नाव उचलून पोराला ठेवलं. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावं अशी घरात आली. कुणाच्या मेहेरबानीने नाही. त्यामुळे म्हातारी माणसं क्रेटॉस ऐकून कळवळतात तेव्हा त्यांना जुनाट म्हणून उडवून लावणं हा कृतघ्नपणा आहे.

पण त्यांचे दोन आक्षेप आम्हाला पटत नाहीत. पहिला, नाव परदेशी आहे. अहो, मिलिंद कोण होता? मिनँडर नावाचा ग्रीक राजा! पाली भाषेने त्याचा मिलिंद केला आणि आपण तो इतका आपला केला की आज महाराष्ट्रात कुणाला त्यात परकं काही वाटत नाही. आणि नाशिककरांनी तरी परदेशी नावावर नाक मुरडू नये. त्रिरश्मी लेण्यांतल्या सतरा नंबरच्या लेण्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एक शिलालेख आहे. दान देणारा आहे इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक, म्हणजे यवन, ग्रीक. त्याच्या बापाचं नाव धम्मदेव. मुलाचं नाव धम्मरखित. आईवडिलांसाठी म्हणून त्याने लेणं कोरवलं, आत चैत्य केला, पाण्याची टाकी खोदली आणि सगळं भिक्खुसंघाला दिलं. तीन पिढ्यांची नावं एकाच लेखात आहेत, आणि मधल्या पिढीच्या नावात चक्क इंद्र आणि अग्नी आहेत. म्हणून त्याचं दान संघाने नाकारलं नाही. त्याच डोंगरावर मुगुदास नावाच्या माणसाने दिलेलं लेणं आहे, अभ्यासक त्याला कोळी समजतात. त्या लेण्याला शेत दान देणारा धम्मनंदी, बोधिगुप्त उपासकाचा मुलगा. नावांची शुद्धता तपासणारी कमिटी त्या डोंगरावर नव्हती.

दुसरा आक्षेप, नाव काल्पनिक पात्राचं आहे. हे तर नाशिकमध्ये उभं राहून म्हणणं कठीण आहे. आपल्या या शहराचं नावच लोक शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून सांगतात. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा, रामकुंड, सगळा भूगोल एका महाकाव्याच्या पात्रांवर उभा आहे. त्यातल्याच एका पात्राच्या मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून आपल्या माणसांनी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, मार खाल्ला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांना धर्मांतराची घोषणा करावी लागली. आणि ज्या त्रिरश्मीवर धम्मरखिताचं नाव दगडात कोरलेलं आहे, त्या डोंगराला रिक्षावाला काय म्हणतो? पांडवलेणी. खरी माणसं, खरी नावं, खरी गावं कोरलेली असताना ती पुसून वर महाभारतातल्या पाच भावांचं नाव चिकटवलं गेलं. त्यावर कुणी म्हणत नाही की काल्पनिक पात्रांची नावं ठेवू नका. पोराचं नाव अर्जुन ठेवलं तर ते संस्कार, आणि क्रेटॉस ठेवलं तर पोरकटपणा! हा न्याय आम्हाला मान्य नाही. आपणही एकलव्य ठेवतो, शंबूक ठेवतो. ती नावं कुठून आली? त्याच ग्रंथांतून. फरक एवढाच की आपण त्यांच्या पराभवाची बाजू घेतली.

छोटा भीमचंच बघा. २००८ पासून हे कार्टून घराघरात आहे. आमच्या ओळखीच्या एका पोराचं नाव भीमराज. पहिलीत गेल्या गेल्या वर्गाने त्याला लाडू खाणारा छोटा भीम करून टाकला. ज्या नावाच्या घोषणेने आपल्या वस्तीत सकाळ होते ते नाव त्या पोराने तिसरीत बदलून मागितलं. काल्पनिक पात्रं निरुपद्रवी असतात असं आम्ही म्हणत नाही. ती खऱ्या माणसाची जागा खाऊ शकतात, हे पांडवलेणीच्या पाटीखाली राहणाऱ्याला कळायला हवं.

आता जे ज्येष्ठ ग्रुपवर सगळ्यात जास्त चिडले होते त्यांच्याबद्दल. यातल्या एकांच्या नातवाचं नाव 'ह' वरून आहे. का, तर नावरस अक्षर 'ह' निघालं. मोबाईलवर जन्मवेळ टाकली, राशी काढली, अक्षर काढलं आणि मग त्या अक्षराला शोभणारं बौद्ध नाव शोधलं! हा प्रकार आपल्या समाजात किती घरांत चालतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. भटजीला दारातून घालवला आणि ॲपमध्ये बसवून खिशात ठेवला. क्रेटॉस ठेवल्याने बावीसपैकी कोणती प्रतिज्ञा मोडते ते आम्हाला कुणी दाखवावं. नावरस काढण्याने काय मोडतं ते दाखवायला आम्ही तयार आहोत.

आणखी एक गोष्ट. याच घरात पाच वर्षांची थोरली मुलगी आहे, कियारा. कियारा हे 'लायन किंग'च्या १९९८ सालच्या दुसऱ्या भागातल्या सिंहिणीच्या बछड्याचं नाव. पुढे २०१० च्या 'अंजाना अंजानी' सिनेमात नायिकेचं नाव कियारा होतं, ते ऐकून एका अभिनेत्रीने ते स्वतःला घेतलं, आणि आज आमच्या ओळखीच्या दोन अंगणवाड्यांत मिळून चार कियारा आहेत. जगात हे नाव आधीही होतं, पण सातपूरच्या घरात ते आलं पडद्यावरूनच. म्हणजे मुलीचं नाव पाच वर्षांपासून काल्पनिक प्राण्याचं आहे आणि ग्रुपवर एकही मेसेज आला नाही. मुलाचं नाव तेवढं समाजाचं, मुलीचं नाव काय, छान वाटलं ठेवलं, असंच ना? बाळाच्या आईला आम्ही विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, नऊ महिने मी वागवलं. नाव ह्यांच्या गेममधून आलं आणि भांडण तुमच्या मंडळात. मला अजून कुणी विचारलंच नाही." यावर दोन्ही गटांनी विचार करावा.

तरुण मित्रांना आमचं काही सांगणं आहे. नाव म्हणजे फक्त लेबल, असं तुमच्यातल्या एकाने लिहिलं आणि आधाराला मिलिंदप्रश्न आणला. संदर्भ बरोबर आहे. राजा मिलिंद नाव विचारतो तेव्हा भदंत नागसेन सांगतात की मला नागसेन म्हणतात खरं, पण तो बोलण्याचा व्यवहार आहे, नावामागे कायमचा कोणी पुरुष सापडणार नाही. मग रथाचं उदाहरण येतं. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही. पण हे नागसेन सांगतात ते आत्मा शोधणाऱ्याला. घरमालक आत्मा शोधत नसतो. तो पूर्ण नाव विचारतो तेव्हा त्याला जात शोधायची असते, आणि त्याच्या दृष्टीने तुमचं नाव हा नुसता व्यवहार नसतो, पुरावा असतो.

दुसरं, हे नाव आहे कोणाच्या मालकीचं? २०११ साली एका अमेरिकन गेम कंपनीने जाहीर केलं होतं की ११ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांचा गेम बाजारात येईल त्या दिवशी, जन्मलेल्या बाळाला गेममधल्या नायकाचं 'डोवाकीन' हे नाव ठेवा आणि कंपनीचे गेम जन्मभर फुकट मिळवा. एका जोडप्याने ठेवलं आणि बक्षीस घेतलं. म्हणजे पोराच्या दाखल्यावर कायमची जाहिरात. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या गुलामांना सोडवणाऱ्या राणीच्या पदवीवरून अमेरिकेत २०१८ या एका वर्षात साडेपाचशेहून जास्त मुलींचं नाव खलिसी ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी मालिकेच्या शेवटी लेखकांनी त्या राणीच्या हातून अख्खं शहर जाळवलं. आयांनी आता काय करायचं? पात्र कंपनीचं असतं, उद्या त्याचं काय करायचं हे कंपनी ठरवते. रमाईचं आयुष्य कुणाला नव्याने लिहिता येणार नाही.

पण हे सगळं आम्ही मित्राला सांगितलं तेव्हा तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग एक वाक्य बोलला, ज्यासाठी हा लेख लिहावा लागला. "दादा, ह्या नावाला जात नाही."

मग तो सांगत गेला. त्याचं स्वतःचं नाव आपल्या वळणाचं, ऐकताच कळणारं. नोकरीच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरने नाव विचारलं, ऐकून "अच्छा, अच्छा" म्हणाला. बस्स, एवढंच. दुपारी डबा खायला टेबलावर जागा नव्हती. लग्नानंतर खोली बघायला गेले तर तीन ठिकाणी नाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती आणि नाव सांगितल्यावर मालकाचा पुतण्या गावाहून येणार होता. चौथ्या ठिकाणी बायकोने नुसतं आपलं लाडाचं नाव सांगितलं. "माझ्या पोराला निदान पहिली चार मिनिटं तरी मिळू देत," तो म्हणाला. "समोरच्याला काहीच कळू नये. हिंदू नाही, बौद्ध नाही, आपला नाही, त्यांचा नाही. क्रेटॉस."

त्या ग्रुपवर चार दिवस भांडणाऱ्या एकालाही हे दिसलं नव्हतं. आम्हालाही नाही. आपल्याला वाटलं पोरगं गेमच्या नादी लागलंय. तो तर पोरासाठी लपायला जागा शोधत होता. आणि हा एकटा नाही. आजूबाजूला बघा, विहान, रेयांश, कियान. आपल्या नव्या पिढीतल्या या नावांमागे फॅशन आहेच, पण तेवढीच आहे का? सुशिक्षित, कॉलनीत राहायला गेलेल्या आपल्या घरांमध्ये संघमित्रा, तथागत, भीमराव ही नावं कमी होत चालली आहेत आणि त्याचं कारण आपण आपसातही उच्चारत नाही.

आम्ही त्याला भित्रा म्हणणार नाही. ज्याला खोली नाकारली गेली नाही त्याने ते म्हणू नये. पण ही चार मिनिटं मिळतात का? दाखले आणि जात पडताळणीच्या कामात आम्ही रोज कागद बघतो. पाळण्यातलं नाव जन्मदाखल्यावर जातं, तिथून शाळेच्या रजिस्टरला, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आणि त्या दाखल्यावर नावाच्या खालीच जातीचा रकाना असतो. स्कॉलरशिप हवी तर तो रकाना भरलेलाच लागतो, आणि भरायलाच हवा, तो आपला हक्क आहे. पुढे बापाचं नाव आणि आडनाव लागतं. म्हणजे पोरगं क्रेटॉस, मधलं नाव आपलं, आडनाव आपलं. समोरचा पहिल्या शब्दावर अडखळेल आणि तिसऱ्यावर ओळखेल. वर म्हणेल, यांची नावं बघा कशी असतात. तेव्हा त्या नावाला जात चिकटायला किती वेळ लागेल? सिद्धार्थ, राहुल, गौतम ही नावं तर सवर्ण घरांतही आहेत. नावात जात नव्हती, ती बघणाऱ्याच्या डोळ्यांत होती. सुपरवायझरचं "अच्छा" बदलायचं सोडून आपण पोरांची नावं बदलत बसलो तर दर पिढीला नवा गेम शोधावा लागेल.

तरीही हा युक्तिवाद त्याला पुरला नसता, हे आम्हाला कळत होतं. म्हणून आम्ही तो गेम बघितला. खेळता येत नाही, दोन रविवार त्याच्याच घरी बसून त्याला खेळताना बघितलं. २०१८ चा भाग. या भागात क्रेटॉस म्हातारा होत चाललाय, ग्रीस सोडून उत्तरेच्या थंड प्रदेशात आलाय आणि त्याला एक मुलगा आहे, एट्रियस. आपण कोण होतो, आपल्यावर काय झालं, आपण काय केलं, यातलं काहीच त्याने मुलाला सांगितलेलं नाही. मुलाच्या भल्यासाठीच. आणि मुलगा आजारी पडतो. कारण त्याच्या रक्तात जे आहे ते त्याला माहीतच नाही, आतलं आणि बाहेरचं जुळत नाही. शेवटी बापाला ते सांगावं लागतं.

तो प्रसंग आला तेव्हा आम्ही काही बोललो नाही. त्याने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, "हे मी पाच वेळा खेळलोय."

मग बराच वेळ नावावरच बोललो. आम्ही त्याला त्रिरश्मीवरच्या धम्मरखिताबद्दल सांगितलं, त्याने ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि "जड आहे" म्हणाला. बायको आतून म्हणाली, "क्रेटॉस काय हलकं आहे?" तिच्या मनात सम्यक आहे हे तेव्हा कळलं. आजींचं किरतोस चालूच आहे, बाळ त्या हाकेला वळून बघतं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आतच झाली होती, नावाचा रकाना मोकळा ठेवून. कायद्याप्रमाणे बाळाचं नाव वर्षभरात फी न भरता लिहून घेता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला लागणार आहे, त्यामुळे हा रकाना घाईने भरू नका आणि विसरूही नका, हे आम्ही भेटेल त्या प्रत्येक आईबापाला सांगतो. परवा नाव नोंदवायचा अर्ज घेऊन दोघं आमच्याकडे आले होते. आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं त्याने स्वतःच्या अक्षरात पूर्ण लिहिलंय. बाळाच्या नावासमोर पेन्सिलीने तीन नावं आहेत, त्यातलं एक तिच्या अक्षरात. बाळ चार महिन्यांचं आहे, त्यांच्याकडे अजून आठ महिने आहेत.

जय भीम.